आधी हंगाम, मग वक्ता: बागप्रेमी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमचे बागप्रेमी मंडळ, पुणे.

विषय: पुढील वर्षाच्या व्याख्यानांची आणि बागभेटींची आखणी.

सप्रेम नमस्कार.

सरत्या वर्षातील व्याख्याने आणि बागभेटी यांचा आढावा आपण वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेसोबत सभासदांना पाठवला. तो मी काळजीपूर्वक वाचला. दर महिन्याला एक व्याख्यान आणि दीड-दोन महिन्यांआड एक बागभेट हा नेम वर्षभर मोडला नाही. वक्त्यांच्या मागे लागणे, सभागृह मिळवणे, बसची वर्गणी गोळा करणे ही न दिसणारी कामे आपण हौसेने आणि पदरमोड करून केलीत, याची जाणीव ठेवूनच मी लिहीत आहे. पत्र खुले ठेवले, कारण अडचण एकट्या आपल्या मंडळाची नाही. इतर गावांतल्या बागप्रेमी मंडळांचे जे कार्यक्रम माझ्या पाहण्यात आले, त्यांची आखणीही बहुतेक अशीच असते. वक्ता कधी मोकळा आहे हे आधी पाहिले जाते आणि झाडाला ते काम कधी हवे आहे हे पाहायचे राहून जाते.

गुलाबाचेच पाहा. या विषयावरचे व्याख्यान वर्षातले सर्वोत्तम होते, याबद्दल दुमत नसावे. छाटणीचा काप बाहेरच्या अंगाला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर आणि तिरका कसा द्यायचा, कापलेल्या टोकाला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट का लावायची, हे वक्त्यांनी हातात फांदी घेऊन दाखवले. पानाला पाचऐवजी सात पर्णिका दिसल्या की फांदी जंगली समजून कापून टाकायची, हा आपल्यात घट्ट बसलेला समजही त्यांनी खोडून काढला. कित्येक चांगल्या जातींना सात पर्णिका येतात, त्यामुळे पर्णिका मोजत बसण्यापेक्षा माती थोडी उकरून फुटवा डोळा भरलेल्या (जंगली खुंटावर चांगल्या जातीचा डोळा बसवलेल्या) जागेच्या खालून आला आहे की वरून, ते पाहायचे आणि खालून आला असेल तर तो मुळापाशी ओरबाडून काढायचा, असे त्यांनी सांगितले. असे व्याख्यान पदरात पडणे हे मंडळाचे भाग्य. पण ते झाले मार्च महिन्यात. पुण्यात गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात होते. मार्चमध्ये ऐकलेले ऑक्टोबरपर्यंत किती जणांच्या लक्षात राहणार? त्यातही ज्यांना धीर निघाला नाही, अशा काही उत्साही सभासदांनी घरी जाऊन लगेच कात्री चालवली आणि एप्रिलच्या उन्हात त्यांच्या झाडांच्या उघड्या पडलेल्या काठ्या भाजून निघाल्या. वक्त्यांनी महिना स्पष्ट सांगितला होता, त्यामुळे दोष त्यांचा नाही. पण माणूस ऐकून आला की त्याच्या हाताला खाज सुटते आणि त्या हाताला योग्य वेळी काम मिळेल हे पाहणे आखणी करणाऱ्याच्या हाती असते.

हेच व्याख्यान सप्टेंबरात ठेवले, ऑक्टोबरातली बागभेट ज्यांच्याकडे त्या आठवड्यात छाटणी चालू आहे अशा बागेत नेली आणि प्रत्येकाला एका झाडावर कात्री धरू दिली, तर एकच विषय दुप्पट कामी येईल. आपल्यापैकी ज्यांना जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात फुले मांडायची असतात, त्यांना तर उलट हिशेब करावा लागतो. पुण्याच्या थंडीत छाटणीपासून फूल उमलेपर्यंत साधारण दीड ते दोन महिने जातात, म्हणजे प्रदर्शनासाठीची हलकी छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला पडायला हवी. हा हिशेब सप्टेंबरच्या सभेत फळ्यावर मांडला गेला पाहिजे. गेल्या वेळी तो जानेवारीत, प्रदर्शनाचे अर्ज भरताना, एकमेकांना विचारला जात होता.

शेवंतीच्या बाबतीत असेच झाले, मात्र उलट्या बाजूने. नोव्हेंबरात कुंड्या फुलांनी भरलेल्या असताना व्याख्यान झाले. डोळ्यांना मेजवानी होती. पण त्या वेळी झाडाला आधाराच्या काडीपलीकडे आपल्याकडून फारसे काही नको असते. शेवंतीचे खरे काम फुले सरल्यावर सुरू होते. बुंध्याभोवती फुटलेल्या काश्या वेगळ्या करून त्या उन्हाळाभर सांभाळायच्या, पावसाच्या तोंडावर लावायच्या आणि ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहायचे, म्हणजे झाड भरगच्च होते. दिवस लहान आणि रात्री लांब होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते. म्हणूनच ज्या बाल्कनीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडतो, तिथे झाड नुसतेच पानांनी वाढत राहते आणि मालक खतांचे डबे बदलत राहतात. ही गोष्ट जूनमध्ये कळली तर कुंडी हलवता येते. नोव्हेंबरात कळून हळहळण्याखेरीज काय करणार?

तेव्हा माझी पहिली विनंती अशी की, पुढील वर्षाचे वेळापत्रक ठरवताना आधी हंगामाची चौकट आखावी आणि प्रत्येक विषय त्याच्या कामाच्या महिनाभर आधी बसवावा. वक्त्यांना विचारणा त्यानंतर व्हावी. मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागते, म्हणून पावसाळी भाज्यांचे बियाणे आणि वाफ्यांची तयारी हा मे महिन्याचा विषय. पुण्यातली बहुतेक झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने ढाळतात, म्हणून पालापाचोळ्याच्या खताचे व्याख्यान जानेवारीतच व्हायला हवे. आपण ते भर जुलैत ठेवले. तेव्हा वाळके पान कुणाच्याच अंगणात नव्हते आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात मिसळायला कोरडे काहीच नसल्यामुळे सभासदांच्या खताच्या पिंपांना वास सुटला होता. जानेवारीत सांगितले असते, तर पानगळीच्या दिवसांत प्रत्येकाने चार पोती भरून कोपऱ्यात ठेवली असती. रस्त्याकडेला पानांच्या ढिगांना काडी लावणे 2016 च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर दंडपात्र आहे, तरी ते ढीग दर वर्षी पेटतात आणि वाळलेली पाने नको असणाऱ्याकडून हवी असणाऱ्याकडे पोहोचवण्याचे काम आपल्याच शहरात ‘ब्राऊन लीफ’ हा गट करतो. त्यांच्यापैकी कुणाला आपण अजून बोलावलेले नाही. उन्हाळी पाणी आणि आच्छादन हा विषय फेब्रुवारीचा. धरणे तळाला गेल्यावर एप्रिलमध्ये ठिबकची चर्चा करण्यात अर्थ नाही.

आता सभेच्या वेळेविषयी थोडे. दीड तासाच्या कार्यक्रमात प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मंडळाच्या वाटचालीचा आढावा आणि आभारप्रदर्शन एवढे झाल्यावर वक्त्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास उरतो आणि प्रश्नोत्तरांवर नेहमी गदा येते. परिचय छापून वाटावा आणि सत्काराला एक रोप पुरावे. माझ्या मते आपल्या सभांमधला सर्वांत मोलाचा भाग प्रश्नोत्तरांचाच असतो. कुंडीतल्या मातीवरच्या व्याख्यानानंतर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी अनंताची पिवळी पडलेली डहाळी हात उंच करून दाखवली होती. सभागृह रिकामे करायचे असल्यामुळे ‘नंतर भेटा’ एवढेच उत्तर त्यांना मिळाले. ती डहाळी मी जवळून पाहिली. कोवळी पाने पिवळीफटक, शिरा मात्र हिरव्यागार आणि खालची जुनी पाने ठणठणीत होती. नत्र कमी पडले असते तर आधी जुनी पाने पिवळी झाली असती. नव्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडतो तेव्हा लोहाचा संशय घ्यायचा. आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी लोक हिराकस (फेरस सल्फेट) टाकतात, ते मातीत लवकरच निकामी होते. हिराकसाच्या विरळ द्रावणाची पानांवर फवारणी केली तर तात्पुरता उतार पडतो. मातीतून द्यायचेच असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधलेले) लोह अशा विम्लधर्मी मातीत टिकते, त्याहून स्वस्त असलेले ईडीटीए प्रकारचे तिथे फारसे टिकत नाही. एवढे उत्तर द्यायला पाच मिनिटे लागली असती आणि एक्झोरा, अनंत, लिंबू लावणाऱ्या निम्म्या सभागृहाला ते उपयोगी पडले असते.

बागभेटींबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण सभासदांचा खरा उत्साह तिथे असतो. आपण बाग पाहायला जातो ती नेहमी तिच्या सणाच्या दिवशी. डिसेंबर-जानेवारीत पिटुनिया, झेंडू, डेलिया बहरात असताना यजमान आदल्या दिवशी वाळकी पाने वेचून, गेरू लावून कुंड्या मांडतात. आपण छायाचित्रे काढतो, पोहे खातो आणि ‘किती छान’ म्हणून परततो. यात गैर काही नाही. पण शिकायला फार थोडे मिळते. तीच गच्ची मे महिन्यात पाहिली, तर कोणती झाडे तगली, कोणती गेली, पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी कुठवर बांधली होती, पाणी दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वेळी दिले, कुंड्या भिंतीच्या सावलीत कशा एकत्र सरकवल्या, हे सगळे दिसेल. म्हणून दुसरी विनंती अशी की, वर्षातल्या निम्म्या बागभेटी तरी जोडीने ठराव्यात, म्हणजे हिवाळ्यात पाहिलेलीच बाग उन्हाळ्यात पुन्हा पाहावी आणि यजमानांना काय लावले याच्या जोडीने काय मेले हेही विचारावे. मेलेल्या झाडांविषयी मोकळेपणाने बोलणारा यजमान मिळणे अवघड असते, हे मला कळते. मंडळाने आधी सांगून ठेवले तर मात्र लोक बोलतात.

गच्चीवरच्या बागांचा विषय निघालाच आहे, तर एक गंभीर गोष्ट लिहिणे मला भाग आहे. गेल्या वर्षी आपण पाहिलेल्या एका गच्चीवर विटा रचून फूटभर खोलीचा, साध्या मातीने भरलेला लांबच लांब वाफा केला होता. त्यातली वांगी आणि टोमॅटो पाहून सगळे हरखून गेले आणि तसाच वाफा करायचे बेत परतीच्या बसमध्येच ठरू लागले. भारतीय मानक आयएस 875 प्रमाणे, जिथे माणसांची ये-जा असते अशा सपाट छतासाठी प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 150 किलो एवढा बदलता भार धरतात. फूटभर जाडीच्या ओल्या मातीचे वजन त्याच चौरस मीटरवर 500 किलोच्या आसपास जाते. म्हणजे इमारतीच्या आराखड्यात धरलेल्या भाराच्या तिपटीहून अधिक. पुण्यातल्या इमारती यामुळे रोज कोसळत नाहीत हे खरे. तरी जुन्या इमारतीत, ब्रिकबॅट कोब्यातून (विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थरातून) आधीच पाणी झिरपत असताना, हा धोका अंगावर का घ्यायचा? कोकोपीट आणि पालापाचोळ्याच्या खताचे हलके मिश्रण, सहा-आठ इंच खोलीचे वाफे आणि जड कुंड्या स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळया-खांबांच्या रेषेवर ठेवणे, एवढ्याने बराच फरक पडतो. पण हे सांगायला बागायतदार नको. त्यासाठी स्थापत्य अभियंता आणि जलरोधनाची कामे करणारा अनुभवी मिस्त्री, असे दोघे एकाच व्यासपीठावर हवेत. मंडळाच्या आजवरच्या वक्त्यांच्या यादीत असा एकही माणूस नाही. येत्या वर्षात एकच नवे व्याख्यान वाढवता येणार असेल, तर ते हे असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्येक बागभेटीच्या शेवटी बस रोपवाटिकेपाशी थांबते आणि खरेदीला म्हणून मोठा वेळ जातो. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर-उरुळी कांचनच्या पट्ट्यातून जाताना न थांबणे मलाही जमत नाही. पण तो वेळही शिकवणीचा करता येईल. रोपवाटिकेतल्या रोपाच्या मुळांभोवती बहुधा चिकट लाल मातीची घट्ट हुंडी असते. आपण ती तशीच घरी आणून कोकोपीटच्या भुसभुशीत मिश्रणात ठेवतो. पाणी घातले की ते भोवतालच्या सैल मिश्रणातून सरळ खाली निघून जाते आणि हुंडी आतून कोरडी, विटेसारखी कडक राहते. वरून कुंडी ओली दिसते, रोप मात्र आठ-पंधरा दिवसांत मान टाकते आणि दोष रोपवाटिकेच्या माथी येतो. लावण्यापूर्वी हुंडी पाण्यात चांगली भिजू द्यावी, कडेची माती बोटांनी अलगद सैल करावी, तळाशी गोल गोल फिरलेली मुळे मोकळी करावी आणि पहिले काही दिवस पाणी थेट बुंध्याशी, सावकाश द्यावे. रोपवाटिकेतलाच एखादा जाणता कामगार हे दहा मिनिटांत करून दाखवू शकेल. त्याला मानधन द्यावे आणि मग खुशाल खरेदी करावी.

या कामगाराच्या निमित्ताने आणखी एक मुद्दा. आपल्या सभासदांच्या बागा प्रत्यक्षात जे राखतात, ते माळी आपल्या कोणत्याही कार्यक्रमात दिसत नाहीत. व्यासपीठावर नाहीतच, श्रोत्यांतही नाहीत. गुलाबाला डोळा भरण्याचे काम आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत चालते. टीच्या आकाराची चीर देऊन, साल अलगद उचलून, डोळा सरकवून पट्टी बांधेपर्यंत ज्याला मिनिटही लागत नाही, अशा माणसाचा हात पाहणे कोणत्याही सरकचित्रांच्या व्याख्यानापेक्षा मोलाचे आहे. त्यासाठी कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचची वेळ बदलून रविवार सकाळ धरावी. माळ्यांना आणि नोकरी करणाऱ्या तरुण सभासदांना तेव्हाच येता येईल. माळ्यांकडून प्रवेशशुल्क घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

कुठे जावे, याविषयी माझ्या सूचना थोडक्यात. गणेशखिंडची बाग आपल्या दाराशी आहे. 1873 पासूनची ही बाग आता महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ताब्यात असून 2020 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तरी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव नाही. आंब्याला मोहोर आलेला असताना, जानेवारीत, रीतसर परवानगी काढून तिथे जावे. लांबची एकच सहल करायची असेल तर ती अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याची करावी. 2020 सालच्या पद्मश्री पुरस्काराच्या मानकरी राहीबाई पोपेरे यांनी तिथे गावरान बियाण्यांची बँक उभी केली आहे. वाल आणि घेवड्याचे वेल मांडवावर लगडलेले असतात त्या दिवसांत, म्हणजे थंडीत, गेलो तर बियाणे कसे निवडतात, राखेत कसे ठेवतात, हे प्रत्यक्ष विचारता येईल आणि मे महिन्यातल्या आपल्या बियाणे-विनिमयाला काही बूड येईल.

कास पठाराच्या सहलीबद्दल मात्र हात आखडून लिहावे लागत आहे. सप्टेंबरमधली ती सहल आखणीच्या दृष्टीने उत्तम होती, हंगाम अचूक साधला होता. पण परतीच्या प्रवासात पिशव्यांमधून ओल्या मातीचे गोळे आणि कंद निघाले, हे बसमधल्या सगळ्यांनी पाहिले आहे. कास हे 2012 पासून जागतिक वारसा स्थळांत गणल्या गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथून काही उपटून आणणे बेकायदा आहे, शिवाय निरुपयोगीही आहे. जांभ्याच्या कातळावरच्या चार बोटे मातीत, पावसाळ्यात डबडबलेल्या आणि उन्हाळ्यात करपणाऱ्या जागी वाढणारी सीतेची आसवे किंवा गेंद यांना आपल्या कुंडीतले खतपाणी मानवत नाही, ती महिनाभरात मरतात. ज्यांना दुर्मीळ रानवनस्पती जवळून पाहायच्या आहेत, त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान आहे. प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जातींच्या संवर्धनाचे मोठे काम तिथे केले आहे. पुढच्या वेळी कासला जाण्यापूर्वी मंडळाने लेखी नियम करावा आणि तो मोडणाऱ्याला वर्षभर कोणत्याही सहलीला नेऊ नये. यात भीडभाड नको, पदाधिकाऱ्यांचीही नको.

शेवटची गोष्ट व्यवस्थेची. प्रत्येक व्याख्यानाचे एक-दीड पानाचे टिपण, विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांसह, आठवडाभरात सभासदांना मिळावे. छायाचित्रे आपल्या गटावर ढिगाने येतात. त्यांत झाडाचे नाव, महिना आणि मिश्रण काय वापरले हे लिहिलेले क्वचितच असते. टिपण लिहिण्याचे काम सहा-सात सभासदांनी पाळीपाळीने करावे. त्यातल्या पहिल्या पाळीसाठी माझे नाव लिहून ठेवावे.

माझी मागणी एवढीच आहे की, वार्षिक सभेपूर्वी पुढील वर्षाचा कच्चा कार्यक्रम हंगामाच्या चौकटीसह सभासदांपुढे यावा आणि सभेत त्यावर किमान अर्धा तास चर्चा व्हावी. जोडीच्या बागभेटींसाठी यजमान मिळत नसतील, तर पहिली उन्हाळी भेट माझ्या गच्चीवर ठरवावी. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला यावे, आठनंतर तिथे उभे राहवत नाही. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच आहे, पुढचा जिना अरुंद आहे, म्हणून वीस-वीसच्या दोन तुकड्या कराव्यात. आवरून ठेवलेले काही नसेल, मेलेल्या झाडांच्या कुंड्याही जागच्या जागी असतील. चहा मिळेल, पोहे मात्र आपापल्या घरी खाऊन यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मंडळाचा एक आजीव सभासद